उणे दोनचा अर्थ: लिनक्समध्ये वायफाय का उठत नाही

भाच्याने रात्री साडेदहाला फोटो पाठवला. लॅपटॉपचा काळा पडदा, तिरपा काढलेला, कोपऱ्यात त्याचा अंगठा. खाली एकच वाक्य: "मावशी, दुकानदार म्हणतो वायफायचं कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल. टाकू का?"

फोटो मोठा करून वाचला. पांढऱ्या ओळींच्या गर्दीत एक लाल ओळ होती. मराठीत सांगायचं तर: 'आयडब्ल्यूएलवायफाय-७२६०-१७ डॉट यूकोड' हे फर्मवेअर चढवता आलं नाही, -२. त्याला लगेच कळवलं, "पैसे देऊ नकोस. कार्ड गेलं असतं तर ही ओळ आलीच नसती."

मेलेलं कार्ड फाइल मागत नाही. ही ओळ आली म्हणजे लॅपटॉपला कार्ड सापडलंय, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलने, म्हणजे तिच्या गाभ्याने, ते ओळखलंय आणि त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कामालाही लागलाय. घोडं अडलंय ते पुढे, जेमतेम एक एमबीच्या एका फाइलपाशी. जुन्या लॅपटॉपवर हौसेने लिनक्स टाकावं, पडदा, आवाज, टचपॅड, मराठी फाँट सगळं पहिल्या झटक्यात चालावं आणि वायफायची यादी तेवढी रिकामी राहावी, हा अनुभव इतक्या जणांना येतो की त्या एका फाइलबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी एक खुलासा. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

रोज कोरी पाटी

वायफायचं कार्ड म्हणजे नुसती अँटेना नव्हे. त्याच्यावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि स्वतःची छोटी मेमरी असते. हवेतून आलेलं पॅकेट पकडायचं, राउटरला लगोलग पोच द्यायची, सिग्नल क्षीण झाला की वेग उतरवायचा, ही कामं मायक्रोसेकंदांच्या हिशेबात करावी लागतात. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर तेव्हा ब्राउझरच्या चाळीस टॅब सांभाळत असतो, त्याच्या भरवशावर हे सोडता येत नाही. म्हणून कार्डावरचा प्रोसेसर स्वतःचा एक प्रोग्राम चालवतो. तो प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर.

हा प्रोग्राम कार्डातच कायमचा कोरून ठेवता आला असता. पण त्यासाठी फ्लॅश मेमरीची चिप लावावी लागते आणि लाखोंनी कार्डं बनवताना तो खर्चही मोठा होतो. शिवाय कोरलेल्या प्रोग्राममध्ये चूक निघाली तर दुरुस्तीची पंचाईत. त्यामुळे बहुतेक कार्डांत नुसती साधी मेमरी असते. वीज गेली की पाटी कोरी.

गवंडीकामावरच्या गड्यासारखं समजा. गडी कामाचा वाघ आहे, पण रोज रात्री सगळं विसरतो. रोज सकाळी मुकादमाने त्याच्या हातात कामाचा कागद द्यायचा, मग तो दिवसभर बिनतक्रार राबतो. इथे गडी म्हणजे कार्ड, मुकादम म्हणजे ड्रायव्हर आणि कागद म्हणजे फर्मवेअर. गंमत अशी की कागद गड्याच्या भाषेत लिहिलेला असतो. मुकादमाला तो वाचता येत नाही, तो फक्त गोदामातून आणून पोचवतो. लिनक्समध्ये हे गोदाम म्हणजे '/लिब/फर्मवेअर' हे फोल्डर आणि गोदामाच्या दारावर बसलेला माणूस म्हणजे कर्नल. ड्रायव्हर त्याच्याकडे नाव सांगून फाइल मागतो. मिळाली तर कार्डाच्या मेमरीत ओततो, नाही मिळाली तर हात वर करतो.

लॅपटॉप झोपवून उठवला तरी पुष्कळ कार्डांची पाटी कोरी होते. उठण्याच्या घाईत डिस्क तयार नसेल तर पुन्हा तीच अडचण यायला नको, म्हणून कर्नल झोपायच्या आधीच फर्मवेअर मेमरीत आणून ठेवतो. हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

उणे दोन

कर्नलमध्ये चूक कळवण्याची पद्धत अशी: काम झालं तर शून्य, बिघडलं तर ऋण आकडा, आणि प्रत्येक आकड्याला ठरलेला अर्थ. -२ म्हणजे 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही'. बस, एवढंच. कार्ड खराब आहे, ड्रायव्हर जुना आहे, लिनक्स या लॅपटॉपला चालत नाही, यातलं काहीही तो आकडा म्हणत नाही. तो म्हणतो: या नावाची फाइल, मी बघितलं त्या जागी, मी बघितलं त्या क्षणी नव्हती. नाव, जागा आणि क्षण. पुढचं निदान या तीन शब्दांवर चालतं.

ही ओळ बघायची आज्ञा आहे 'डीमेसेज', म्हणजे डी-एम-ई-एस-जी. कर्नलने बूट झाल्यापासून जे जे पुटपुटलं ते सगळं ती दाखवते. डेबियनमध्ये (भाच्याने टाकलेला लिनक्सचा एक प्रकार) तिच्याआधी 'सुडो' लावावं लागतं, म्हणजे ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते. ओळी हजारभर असतात, त्यामुळे 'ग्रेप' लावून 'फर्मवेअर' शब्द असलेल्या ओळी गाळून घ्या.

त्याबरोबर चालवायची दुसरी आज्ञा 'एलएसपीसीआय', पुढे डॅश एन-एन-के. ती कार्डाचं नाव, चौकटी कंसात ओळख क्रमांक आणि खाली ड्रायव्हर सांगते. क्रमांकाचा पहिला भाग कंपनीचा असतो. इंटेलचा ८०८६ आहे, आपल्याच जुन्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा कंपनीने घेतलाय. ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी, मीडियाटेकचा १४सी३, एथेरॉसचा १६८सी. डब्यावर किंवा स्टिकरवर काय छापलंय यापेक्षा या क्रमांकावर विश्वास ठेवा. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनी दोन-तीन वेगवेगळी कार्डं टाकते.

भाच्याच्या लॅपटॉपवर या आज्ञेने 'वायरलेस ७२६०' दाखवलं. २०१३-१४ च्या सुमाराच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये हे इंटेलचं कार्ड आहे. खाली ड्रायव्हर म्हणून आयडब्ल्यूएलवायफायचं नाव होतं, पण 'वापरात असलेला ड्रायव्हर' ही ओळ नव्हती. मुकादम आला, कागद मिळाला नाही म्हणून परत गेला.

फाइल मुळात गेली कुठे

भाच्याने साहजिक प्रश्न विचारला. "ड्रायव्हर लिनक्समध्येच आहे म्हणतेस, मग त्याची फाइल का नाही? दोन्ही एकत्रच का देत नाहीत?"

कारण ड्रायव्हरचा सोर्स कोड खुला आहे आणि फर्मवेअरचा नाही. इंटेल स्वतः लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिते आणि तो सगळ्यांना वाचता येतो. कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम मात्र ती फक्त तयार स्वरूपात देते: वाटा, वापरा, पण आत बघू नका आणि बदलू नका. पूर्वी यातल्या काही फाइली कर्नलच्या सोर्समध्येच ठेवलेल्या असत. हळूहळू त्या 'लिनक्स-फर्मवेअर' नावाच्या वेगळ्या संग्रहात हलवल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कर्नल ४.१४ पासून सोर्समधलं ते फोल्डरच काढून टाकलं. उबुंटू आणि फेडोरा ही लिनक्सची वितरणं, म्हणजे तयार बांधून दिलेले संच, हा संग्रह पहिल्यापासून सोबत देतात, म्हणून तिथे ही अडचण सहसा येत नाही. आर्च या वितरणात तो वेगळं पॅकेज म्हणून स्वतः टाकावा लागतो, आणि घाईघाईत टाकणारे तो हमखास विसरतात.

डेबियनची गोष्ट वेगळी. फक्त मुक्त (म्हणजे ज्याचा कोड वाचता-बदलता येतो असं) सॉफ्टवेअरच आमच्या वितरणाचा भाग, हे त्यांच्या सामाजिक करारातच लिहिलेलं. त्यामुळे डेबियन ११ पर्यंत अधिकृत इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर नसे. फर्मवेअरसह बनवलेली 'अनधिकृत' प्रतिमाही (पेनड्राइव्हवर घ्यायची इन्स्टॉलरची फाइल) ते स्वतःच बनवत, पण ती साइटवर अशा आडबाजूला ठेवलेली की नवख्याला सापडू नये. तत्त्व पाळलं जात होतं आणि माणसं अडत होती. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान केलं, करारात एक वाक्य वाढवलं आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर द्यायला परवानगी मिळाली. १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर स्वतःच कार्ड बघून लागणारी फाइल टाकतो. मला विचाराल तर हा निर्णय दहा वर्षं आधी व्हायला हवा होता. ज्याला बंद फर्मवेअर नको त्याला बूट करताना ते नाकारण्याची सोय आजही आहे.

भाच्याला कॉलेजातल्या सीनियरने दिलेला पेनड्राइव्ह डेबियन ११ चा होता. इन्स्टॉल करताना मधेच एक निळा पडदा येऊन गेला होता: तुमच्या हार्डवेअरला काही मुक्त नसलेल्या फाइली लागतात, त्यांची नावं अशी, दुसऱ्या पेनड्राइव्हवर आहेत का? हो किंवा नाही. "मी 'नाही' दाबलं," तो म्हणाला. "माझ्याकडे कुठे दुसरा पेनड्राइव्ह होता?" हजारो जणांनी हेच उत्तर दिलं असणार.

ब्रॉडकॉमची जुनी कार्डं याहून नाठाळ. त्यांचं फर्मवेअर वाटण्याची परवानगीच कंपनीने दिली नव्हती. मग लोकांनी युक्ती काढली: कंपनीचा बंद ड्रायव्हर प्रत्येकाने स्वतः उतरवायचा आणि 'बी४३-एफडब्ल्यूकटर' नावाच्या अवजाराने त्यातून फर्मवेअर कापून काढायचं. नावातच कटर आहे. फाइल सापडली नाही की हा बी४३ ड्रायव्हर कर्नलच्या नोंदीत संदेश लिहितो, की अमुक वेबसाइटवर जा आणि तिथून फर्मवेअर उतरवून घ्या. ज्याचं इंटरनेटच चालत नाही त्याला वेबसाइटचा पत्ता! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते.

आणि एक अपवाद. ट्रिस्क्वेलसारखी काही वितरणं 'लिनक्स-लिबर' हा कर्नल वापरतात. त्यातून बंद फाइली मागण्याची सोयच काढून टाकलेली आहे. तिथे नोंदीत फाइलच्या नावाच्या जागी 'डीब्लॉब्ड' असा शब्द दिसतो. तो दिसला तर फाइल शोधत बसू नका. गोदामात ठेवली तरी दारावरचा माणूस ती देणार नाही. तिथे एक तर कर्नल बदला किंवा फर्मवेअर न मागणारं कार्ड घ्या. एथेरॉसची एटीएच९के ड्रायव्हरवर चालणारी जुनी पीसीआय कार्डं तशी आहेत. तो वर्ग त्यामुळेच मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या लाडाचा.

नेट नाही तर फाइल आणायची कशी

वायफाय चालायला फाइल हवी आणि फाइल आणायला वायफाय हवं. यावरचा सगळ्यात सोपा तोडगा खिशात असतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला फोन म्हणजे तारेचं नेटवर्क वाटतं, आणि त्यासाठी कुठलंही जास्तीचं फर्मवेअर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असला तरी चालतं, मोबाइल डेटा जळत नाही. फक्त केबल नुसती चार्जिंगची नसावी.

नेट आलं की डेबियन ११ वर रिपॉझिटरीच्या (डेबियनच्या ऑनलाइन पॅकेज-भांडारांच्या) यादीत 'नॉन-फ्री' हा विभाग जोडायचा, 'एपीटी अपडेट' (एपीटी म्हणजे पॅकेज टाकणारा प्रोग्राम) करायचं आणि 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' हे पॅकेज टाकायचं. रिअलटेकसाठी 'फर्मवेअर-रिअलटेक', एथेरॉससाठी 'फर्मवेअर-एथेरॉस'. ओपनबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या सिस्टीमवाल्यांची तर 'एफडब्ल्यू अंडरस्कोअर अपडेट' या एका आज्ञेत सुटका होते, ती स्वतःच कार्ड ओळखते आणि फाइल आणते.

भाच्याकडे त्या रात्री केबल चार्जिंगचीच होती. म्हणून मी पॅकेज न देता सरळ फाइलच पाठवायची ठरवलं, आणि तिथे माझीच फजिती झाली. लिनक्स-फर्मवेअरच्या संग्रहाच्या पानावर गेले, फाइलच्या नावावर टिचकी मारली, 'सेव्ह' केलं आणि त्याला पाठवून दिलं. त्याने ती मित्राच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घेतली, '/लिब/फर्मवेअर' मध्ये टाकली, रीबूट केलं. आता -२ गेलं, पण फाइलचा आकार जुळत नाही अशी नवीच तक्रार. अर्धा तास डोकं खाजवल्यावर त्याला 'फाइल' ही आज्ञा चालवायला सांगितली. उत्तर आलं: 'एचटीएमएल डॉक्युमेंट'. मी फर्मवेअर उतरवलंच नव्हतं, फर्मवेअर दाखवणारं वेबपान उतरवलं होतं. त्या पानावर 'प्लेन' अशी वेगळी लिंक असते, ती दाबायची असते.

हातात आलेली फाइल खरंच फाइल आहे का हे आधी बघा. फोनवरून पाठवताना नावाच्या शेवटी 'डॉट बिन' चिकटतं, दुसऱ्यांदा उतरवली तर कंसात एक येतो. कर्नलला अंदाजपंचे काही कळत नाही, नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. नेमकी कोणती नावं चालतात ते ड्रायव्हरलाच विचारता येतं: 'मॉडइन्फो' आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. त्यात 'फर्मवेअर' अशा सुरुवातीच्या ओळी येतात, तीच यादी.

फाइल टाकल्यावर दर वेळी रीबूट करायची गरज नाही. 'मॉडप्रोब डॅश आर' ने ड्रायव्हर काढा, मग 'मॉडप्रोब' ने परत घाला. इंटेलच्या या कार्डात आयडब्ल्यूएलएमव्हीएम हा जोडीचा ड्रायव्हर आधी आणि आयडब्ल्यूएलवायफाय नंतर काढायचा. पाच सेकंदांत निकाल कळतो.

फाइल आहे, तरी -२

हा खरा डोकेदुखीचा भाग. 'एलएस' केलं तर फाइल डोळ्यांसमोर आहे आणि कर्नल म्हणतो नाही. अशा वेळी बहुतेक लोक फाइल पुन्हा पुन्हा उतरवतात. पण कर्नल खोटं बोलत नसतो, त्याने बघितलं त्या क्षणी फाइल खरंच नव्हती.

बूट होताना मुख्य डिस्क सुरुवातीपासून जोडलेली नसते. कर्नल आधी 'इनिटरॅमएफएस' नावाचं एक छोटं, तात्पुरतं गाठोडं मेमरीत उघडतो. त्यात डिस्क ओळखण्यापुरतं सामान असतं. त्या सामानाच्या जोरावर खरी डिस्क जोडली जाते आणि मग '/लिब/फर्मवेअर' दिसू लागतं. म्हणजे गोदामाचं कुलूप थोडं उशिरा निघतं. वायफायचा ड्रायव्हर सहसा त्यानंतरच येतो, त्यामुळे अडचण होत नाही. पण स्वतः कर्नल कंपाइल करताना कुणी तो ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे नंतर चढवता येणारी सुटी फाइल, न ठेवता कर्नलच्या आतच बांधला, तर तो भल्या पहाटे गोदामापाशी हजर होतो, कुलूप बघतो आणि -२ लिहून मोकळा होतो.

हे ओळखायची खूण डीमेसेजमध्येच आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात सेकंद असतात. फर्मवेअरची तक्रार १.३ सेकंदाला आणि 'ईएक्सटी४ माउंट झालं' (म्हणजे खरी डिस्क जोडली गेली) ही ओळ ३.१ सेकंदाला, असं दिसलं की निदान झालं. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधा, किंवा फाइल गाठोड्यात घाला आणि गाठोडं नव्याने बांधा. त्यासाठी डेबियन-उबुंटूत 'अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू', फेडोरात 'ड्रॅकट डॅश एफ', आर्चमध्ये 'एमकेइनिटसीपीआयओ डॅश कॅपिटल पी'. त्याआधी '/बूट' मध्ये जागा आहे का बघा. ते विभाजन भरलेलं असलं तर नवं गाठोडं अर्धवट राहतं आणि मग वायफाय सोडा, लॅपटॉपच उठत नाही.

या वेळेच्या गोंधळाला इतिहास आहे. पूर्वी कर्नल स्वतः फाइल उघडत नसे. तो 'यूडेव्ह' नावाच्या बाहेरच्या प्रोग्रामला निरोप द्यायचा आणि तो फाइल आणून ओतायचा. ड्रायव्हर यूडेव्हची वाट बघतोय आणि यूडेव्ह ड्रायव्हरचं सुरू होणं पूर्ण व्हायची वाट बघतोय, अशा 'पहिले आप'मध्ये बूट मिनिटभर लटकायचं. डिसेंबर २०१२ च्या कर्नल ३.७ पासून कर्नल थेट फाइल वाचू लागला आणि २०१४ मध्ये यूडेव्हमधून तो भागच काढला. त्यामुळे त्या काळातल्या लेखांत यूडेव्हचे नियम बदलायला सांगितलेलं दिसलं तर सरळ पुढे जा.

जागेचंही एक उपकलम आहे. कर्नल एका फोल्डरमध्ये बघत नाही. आधी '/लिब/फर्मवेअर/अपडेट्स' आणि त्यात चालू कर्नलच्या आवृत्तीचं फोल्डर, मग मुख्य फोल्डरमध्ये त्या आवृत्तीचं फोल्डर आणि शेवटी मुख्य फोल्डर. कधीकाळी कुणी 'अपडेट्स' मध्ये जुनी फाइल ठेवून विसरलं असेल तर नवं पॅकेज टाकूनही जुनीच चढत राहते.

शिवाय दाबलेल्या फाइली. संग्रह शेकडो एमबीचा झाल्याने आता पुष्कळ वितरणं फाइली दाबून (कॉम्प्रेस करून) देतात, शेवटी 'डॉट एक्सझेड' किंवा 'डॉट झेडएसटी' लागतं. कर्नलला एक्सझेड उघडता येतं ५.३ पासून आणि झेडएसटी ५.१९ पासून, तेही कर्नल बांधताना तो पर्याय चालू ठेवला असेल तरच. तो नसेल तर फाइल तुम्हाला दिसते, कर्नलला दिसत नाही. नुसतं शेपूट काढून नाव बदलणं हा उपाय नव्हे, फाइल खरोखर उलगडावी लागते.

घाबरवणाऱ्या, पण निरुपद्रवी ओळी

इंटेलच्या नव्या कार्डांवर कधी कधी -२ च्या पाच-सहा ओळी लागोपाठ दिसतात आणि तरी वायफाय छान चालू असतं. ड्रायव्हर स्वतःला माहीत असलेली सगळ्यात नवी आवृत्ती आधी मागतो. समजा ७७. नाही मिळाली तर ७६, मग ७५. ७४ सापडली की ती चढवतो आणि कामाला लागतो. वरच्या तक्रारी नुसत्या घासाघीस आहेत. शेवटची ओळ बघायची: 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' आली तर प्रश्न मिटला. 'योग्य फर्मवेअर सापडलं नाही' आणि खाली किमान-कमाल आवृत्त्या आल्या तर खरोखर फाइल हवी आहे. नवा कर्नल टाकला आणि फर्मवेअरचं पॅकेज जुनंच राहिलं की असं होतं. माझ्या भाच्याच्या ७२६० ला मात्र घासाघीशीला वाव नव्हता, त्याची किमान आणि कमाल दोन्ही १७.

'आयडब्ल्यूएल-डीबग-योयो डॉट बिन' सापडत नाही या ओळीकडे तर चक्क दुर्लक्ष करा. ती फाइल इंटेलच्या डेव्हलपरांच्या तपासणीसाठी आहे, आपल्याला लागत नाही. 'रेग्युलेटरी डॉट डीबी' ची तक्रार मात्र एवढी सोडून देण्यासारखी नाही. कुठल्या देशात कोणते चॅनेल किती ताकदीने वापरता येतात याची ती यादी. नसेल तर कर्नल जगात कुठेही चालेल असा सगळ्यात भित्रा नियम लावतो. वायफाय लागतं, पण लॅपटॉपवरून ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट सुरू करायला गेलात तर नकार मिळतो. 'वायरलेस-रेगडीबी' पॅकेजने ते सुटतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर बोर्डाच्या नावाची फाइल नाही अशी ओळ येते आणि पुढे सर्वसाधारण नावाची फाइल घेतली जाते, तेही तसंच घासाघिशीचं.

फर्मवेअरचा दोषच नसेल तर

-२ कुठेच नाही आणि वायफायही नाही, तर या फाइलींच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

एलएसपीसीआयमध्ये कार्डच दिसत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ते बंद आहे का बघा, नाहीतर पेचकस घ्या. कार्ड दिसतं पण ड्रायव्हरचं नावच नाही, तर बहुधा लॅपटॉप नवा आणि कर्नल जुना. त्या चिपची ओळखच कर्नलला नाही, तेव्हा नवा कर्नल लागेल. यूएसबी डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी' बघा. रिअलटेकचे काही स्वस्त डोंगल जोडल्यावर सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात, कारण विंडोजसाठीचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. 'यूएसबी-मोडस्विच' ने ते सोंग उतरतं.

'आरएफकिल लिस्ट' मध्ये 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं बटण किंवा फंक्शनची कळ शोधा, सॉफ्टवेअरने ते उघडत नाही. गिटहबवरून आणलेला ड्रायव्हर सिक्युअर बूटमुळे (सही नसलेला कोड अडवणारी सोय) नाकारला जातो तेव्हा संदेश चावी नाकारल्याचा असतो. तो ड्रायव्हरच्या सहीचा प्रश्न, फर्मवेअरचा नाही.

आणि -११०. तो आकडा म्हणजे 'वेळ संपली'. फाइल मिळाली, चढवली, पण कार्डाने उत्तर दिलं नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या लॅपटॉपवर विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' हे एक नेहमीचं कारण. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि कार्ड मधल्याच अवस्थेत अडकतं. ते बंद करा. तरी नाही तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, मिनिटभर थांबा. नुसत्या रीस्टार्टने कार्डाची वीज तुटतेच असं नाही.

त्या रात्री पावणेबाराला भाच्याने दुसरा फोटो पाठवला, या वेळी अंगठा नव्हता. 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन १७' आणि खाली वायफायची यादी, शेजाऱ्यांच्या राउटरसकट. दुकानदाराला द्यायचे बाराशे रुपये वाचले.

गेल्या महिन्यात त्याने स्वतःहून डेबियन ११ चं १२ केलं आणि परत फोन केला. वायफाय चालू होतं, पण अपडेट करताना एपीटी काहीतरी सूचना देत होतं. डेबियन १२ मध्ये फर्मवेअर 'नॉन-फ्री' मधून काढून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात ठेवलंय. यादीत जुनंच नाव राहिलं तर आधी टाकलेली फाइल चालत राहते, नवी मात्र कधीच येत नाही. आणि नवी यायला हवी: २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या वायफाय फर्मवेअरमध्ये 'ब्रॉडपॉन' नावाचं असं भोक सापडलं होतं की जवळपासच्या माणसाला फोनच्या वायफाय चिपवर ताबा मिळवता यायचा, धन्याने कशालाही हात न लावता. त्याला म्हटलं, "रिपॉझिटरीची यादी, सोर्सेस डॉट लिस्ट, उघड, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोड, मग अपडेट कर."

"ते केलं गं मावशी," तो म्हणाला. "मला एवढंच विचारायचं होतं, आता 'नॉन-फ्री' काढून टाकू का?"

दुसरं काही त्यातून घेतलेलं नसेल तर काढ, म्हटलं.